गाडीच्या छताचे लोंबणारे अस्तर : हेडलायनर घरी कसा बदलावा?



आपल्या बहुतेक घरांत एखादी जुनी गाडी असतेच. नवी नोकरी लागल्यावर हौसेने घेतलेली कॅमरी किंवा अकॉर्ड आधी मुलांना शाळेत सोडते, मग देशातून आलेल्या आजी-आजोबांना देवळात नेते आणि शेवटी कॉलेजला निघालेल्या मुलाच्या वाट्याला येते. अमेरिकेतल्या रस्त्यांवरच्या गाड्यांचे सरासरी वय २०२४ मध्ये १२.६ वर्षे होते, तेव्हा यात आपण एकटे नाही.

अशा गाडीचे इंजिन ठणठणीत असते, पण एखाद्या उन्हाळ्यात छताचे कापड सुटते आणि मांडवाच्या कनातीसारखे फुगून खाली येते. सुरुवातीला ते फक्त मागे बसणाऱ्यांच्या डोक्याला लागते. पुढे रिअरव्ह्यू आरशातून मागची काचच दिसेनाशी होते. तिथपर्यंत आले की हा प्रश्न शोभेचा राहत नाही. अशी गाडी मुलांच्या हाती देण्यापूर्वी हे काम करून घ्यावे.

कापड का सुटते?

जुन्या काळच्या गाड्यांत, उदाहरणार्थ १९६०च्या दशकातल्या मस्टँगमध्ये किंवा फोक्सवॅगन बीटलमध्ये, छताचे अस्तर तारेच्या कमानींवर ताणून बसवलेले असे. त्याची पद्धत वेगळी आहे आणि ते काम कारागिराकडेच द्यावे. आपल्याकडच्या गाड्यांत मात्र छताच्या आकाराचा एक घट्ट साचा असतो. तो दाबलेल्या तंतूंचा किंवा फायबरग्लासचा असतो. त्यावर फोमचा पातळ थर आणि फोमला चिकटलेले कापड, अशी ही रचना.

गोंद सुकला म्हणून कापड सुटले, असे अनेकांना वाटते. खरे तर बहुतेक वेळा फोम कुजलेला असतो. उष्णता आणि दमट हवा यांनी पॉलियुरेथेन फोम वर्षानुवर्षे विरत जातो आणि शेवटी त्याची पिवळसर भुकटी होते. म्हणूनच ह्यूस्टन किंवा फ्लोरिडासारख्या गरम, दमट भागात हा त्रास लवकर सुरू होतो.

हे एकदा समजले की पुढचे सगळे उपाय आपोआप कळतात. कापडाच्या मागे स्प्रेचा गोंद मारला तर तो भुकटीला चिकटतो, साच्याला नाही. पिना टोचल्या तर काही आठवडे निघतील, पण दोन पिनांमधले कापड पुन्हा लोंबेल. खरा उपाय एकच : साचा बाहेर काढायचा, जुना फोम पूर्ण खरवडायचा आणि फोमसकट नवे कापड चिकटवायचे.

घरी करावे की दुकानात द्यावे?

पुण्यात नाना पेठेत चौकशी केली की गाडीचे काम करणारा कोणीतरी सापडतोच. इथे मजुरी महाग. साध्या सेडानला अपहोल्स्टरीचे दुकान साधारण ३०० ते ५०० डॉलर सांगते आणि सनरूफ असेल तर आकडा वाढतो. घरी केल्यास सामान शंभर डॉलरच्या आसपास येते, पण एक पूर्ण विकेंड आणि मदतीला आणखी एक माणूस लागतो.

पुढील बाबतीत मात्र काम दुकानातच द्यावे :

- छताच्या कडेला किंवा दारांमधल्या खांबांवर 'एसआरएस एअरबॅग' अशी अक्षरे असतील तर. २००० नंतरच्या अनेक गाड्यांत अस्तराच्या कडेमागे पडद्यासारखी एअरबॅग गुंडाळून ठेवलेली असते. अपघातात ती अस्तराची कड खाली ढकलून उघडते. खांबावरच्या पट्टीच्या काही क्लिपा एकदाच वापरायच्या असतात, त्या काढल्यावर नव्याच लावाव्या लागतात. सर्व्हिस मॅन्युअल हाती नसेल तर याला हात लावू नये.
- सनरूफ किंवा छतात बसवलेला टीव्ही असेल तर.
- मिनीव्हॅन असेल तर. तिचा साचा इतका लांब असतो की न मोडता बाहेर काढणे अवघड जाते.

काय सामान लागेल?

१. कापड : 'हेडलायनर फॅब्रिक' असे स्पष्ट मागून, फोम लावलेलेच घ्या. फोमची जाडी साधारण १/८ ते ३/१६ इंच असते. साचा सर्वांत लांब आणि रुंद जिथे आहे तिथे मोजा आणि प्रत्येक बाजूला किमान ४ इंच जास्त धरा. सेडानला सहसा दोन ते अडीच यार्ड पुरते. पूर्वी बरेच जण जोअॅन फॅब्रिक्समध्ये जात, पण ती दुकाने २०२५ मध्ये बंद झाली. आता अपहोल्स्टरीच्या मालाचे दुकान किंवा ऑनलाइन खरेदी हेच मार्ग आहेत.

घरातले पडद्याचे किंवा साडीचे कापड सुंदर दिसेल, पण ते वापरू नका. गाडीच्या आतल्या कापडासाठी सरकारचे सुरक्षा मानक क्रमांक ३०२ हे १९७२ पासून लागू आहे. त्यानुसार हे कापड मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सुमारे ४ इंचांपेक्षा, जास्त वेगाने जळता कामा नये. गाडीसाठी बनवलेले कापड घेण्यामागे हे कारण आहे.

२. गोंद : उष्णता सहन करणारा कॉन्टॅक्ट गोंदच हवा. थ्रीएम कंपनीचा हेडलायनरसाठीचा स्प्रे मिळतो. सेडानला दोन ते तीन डबे लागतात. हस्तकलेसाठीचा साधा स्प्रे उन्हात मऊ होतो आणि कापड पुन्हा खाली येते.

३. इतर : स्क्रू ड्रायव्हर, टॉर्क्स बिट, क्लिपा उचकटायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, नायलॉनचा ब्रश, धारदार कटर, एन-९५ मास्क, चष्मा, हातमोजे आणि झिपलॉकच्या पिशव्या.

कृती

१. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि मॅन्युअलमध्ये सांगितले असेल तितका वेळ थांबा. रेडिओला कोड लागत असेल तर तो आधीच शोधून ठेवा.

२. सनव्हायझर, वरची हँडल्स, छतातला दिवा आणि कोट अडकवायचे हुक काढा. प्रत्येक ठिकाणचे स्क्रू वेगळ्या पिशवीत घालून वर नाव लिहा. नंतर दारांच्या कडेचे रबर आणि खांबांवरच्या पट्ट्या सैल करा. खांबांवर किंवा छताच्या कडेला फोमचे ठोकळे दिसले तर ते जागच्या जागी राहू द्या. डोके आपटल्यास इजा कमी व्हावी म्हणून ते तिथे असतात.

३. पुढच्या सीटची पाठ पूर्ण मागे पाडा. दोघांनी दोन बाजूंनी धरून साचा खाली घ्या आणि पुढच्या उजव्या दारातून किंवा मागच्या झडपेतून बाहेर काढा. साचा पापडासारखा असतो, वाकवला तर मोडतो. मागच्या बाजूला वायरी चिकटवलेल्या असतील तर त्या आधी सोडवा.

४. साचा अंगणात टेबलावर ठेवा आणि जुने कापड ओढून काढा. ते बहुधा सहज निघते. आता मास्क लावून ब्रशने सगळा फोम घासून काढा. तारेचा ब्रश वापरू नका, साच्याचा पृष्ठभाग फाटतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि तासभर तरी लागतो, पण नवे कापड किती वर्षे टिकणार हे इथेच ठरते. हात फिरवल्यावर बोटांना भुकटी लागत असेल तर अजून घासा.

५. साच्याला तडा गेला असेल तर मागून फायबरग्लासची पट्टी आणि रेझिन लावून तो पूर्ण वाळू द्या.

६. कापड साच्यावर कोरडेच पसरून पाहा आणि मध्यावर खुणा करा. मग पुढचा अर्धा भाग मागे दुमडा. साच्यावर आणि फोमवर, दोन्हीकडे सारखा गोंद मारा आणि डब्यावर लिहिलेला वेळ थांबा. बोट लावल्यावर चिकट लागले पाहिजे, पण गोंद बोटाला येता कामा नये.

७. आता मधून कडेकडे तळहाताने हळूहळू दाबत जा. खोलगट जागा आधी दाबा आणि मग सपाट भागाकडे या. खोलगट जागेवर कापड ताणून बसवले तर उन्हात ते तिथूनच उचलते. पुढचा भाग झाला की मागच्या अर्ध्या भागाचे असेच करा.

८. रात्रभर वाळू द्या. सकाळी कडा मुळात होत्या तशाच कापा किंवा मागे दुमडून चिकटवा. दिव्याच्या आणि स्क्रूच्या जागी आधी छोटी फुली मारून कापा. भोक मोठे करता येते, लहान करता येत नाही.

९. साचा उलट क्रमाने बसवा. आधी दिवा आणि हँडल्स सैल लावा, साचा नीट सरळ झाला की घट्ट करा. बॅटरी जोडून दिवे तपासा. एअरबॅगचा इशारा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. तो चालूच राहिला तर गाडी मेकॅनिकला दाखवा.

जरा सांभाळून

गोंदाची वाफ पटकन पेट घेते. गराजमध्ये गॅसचा वॉटर हीटर किंवा फर्नेस असेल तर तिथे स्प्रे मारू नका, बाहेर मोकळ्या हवेत मारा. पण पावसाळी, दमट दिवशी हे काम नको. गोंदावर ओल धरते आणि पकड कमी होते. साधारण ६५ ते ८० फॅरनहाइटचा कोरडा दिवस सर्वांत बरा. मुलांना लांब ठेवा. पंधरा-सोळा वर्षांची असतील तर मास्क लावून हाताशी घ्या. उद्या गाडी त्यांनाच चालवायची आहे, तेव्हा तिच्या पोटात काय काय आहे हे एकदा पाहिलेले बरे.

काम झाल्यावर गाडी शक्यतो सावलीत लावा किंवा काचेला सनशेड लावा. नवा फोमही त्याच उन्हाने विरतो, पण सावलीत तो अधिक वर्षे टिकतो.

आपल्या गाडीला शुभेच्छा!