सोनोग्राफीच्या सुरुवातीलाच आतडं

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडे गर्भारपण आठवतं, फार तर मूतखडा. आतड्याची सोनोग्राफी ही या तंत्राची उशिरा फुटलेली फांदी, असा समज आहे. इतिहास उलट सांगतो. जॉन वाइल्ड हे इंग्रज सर्जन दुसऱ्या महायुद्धात, लंडनवर बॉम्ब पडत असताना, पोट फुगलेल्या रुग्णांवर उपचार करत होते. आतडं कुठे अडलंय की नुसतंच लुळं पडलंय, हे त्याच्या भिंतीच्या जाडीवरून ओळखता येईल का, हा त्यांचा प्रश्न. युद्धानंतर ते अमेरिकेत मिनेसोटाला गेले आणि रडारच्या प्रशिक्षणासाठी बनवलेलं नौदलाचं १५ मेगाहर्ट्‌झचं यंत्र त्यांनी आतड्याच्या तुकड्यांवर चालवून पाहिलं. भिंतीचे थर वेगवेगळे प्रतिध्वनी देतात, कर्करोगाने ग्रासलेल्या जठराचा प्रतिध्वनी निराळा येतो, हे त्यांनी १९५० साली प्रसिद्ध केलं. गर्भारपणातली सोनोग्राफी ज्यांच्या नावाशी जोडली जाते त्या ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांचा गाजलेला लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला तो १९५८ साली.

मग आतडं मागे का पडलं? वायूमुळे, हे नेहमीचं उत्तर, आणि ते खोटं नाही. हवेशी गाठ पडली की ध्वनिलहरी जवळजवळ सगळ्या परततात, पलीकडचं काही दिसत नाही. पण वायू तर आजही पोटात तेवढाच आहे. बदलली ती हाताची रीत. १९८६ साली नेदरलँड्‌सच्या पुयलार्ट यांनी उजव्या ओटीपोटावर प्रोब ठेवून हळूहळू दाब वाढवत नेला. त्या दाबाखाली निरोगी आतडं चपटं होतं, वायू बाजूला सरकतो; सुजलेलं अपेंडिक्स मात्र दबत नाही, एका टोकाला बंद असलेल्या नळीसारखं पडद्यावर टिकून राहतं. पुढे ६ मिलिमीटरहून जास्त व्यास ही संशयाची खूण ठरली. यंत्रं सुधारली म्हणून हे जमलं, असं कोणी म्हणेल. हलतं चित्र दाखवणाऱ्या, बारीक तपशील टिपणाऱ्या प्रोबशिवाय ते जमलं नसतं, हे खरंच; पण नुसत्या प्रोबने वायू हटत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ही तपासणी करणाऱ्याच्या कसबावर अवलंबून असते, लठ्ठ रुग्णांत ती चुकते आणि सीटी स्कॅन अधिक खात्रीचा. मोठ्या माणसांपुरतं हे मान्य करायला हवं. मात्र मुलांना आणि गर्भवतींना क्ष-किरणांपासून शक्य तितकं दूर ठेवायचं असतं, तिथे पहिला मान सोनोग्राफीचाच. ही तपासणी नव्हती तेव्हा अपेंडिक्सच्या सुजेचं निदान मुख्यतः हातानं पोट चाचपून व्हायचं, आणि काढलेल्या शंभर अपेंडिक्सपैकी पंधरा-वीस निरोगी निघाली तरी सर्जन ते चालवून घेत.