आंकड्यांच्या शेजारची रेघ

पेढीवरची खतावणी उघडून बसलेल्या मनुष्यास एक अडचण नेहमीं येते. आंकडे सारे डोळ्यांसमोर असतात. परंतु धंदा चढतीस लागला आहे कीं उतरतीस, हें त्यांवरून चटकन उमगत नाहीं. बारा महिन्यांचे आंकडे वाचीत सातव्यापाशीं पोंचावें, तों दुसरा विसरलेला असतो. या अडचणीवर जो उपाय निघाला, त्याची हकीकत आज थोडक्यांत सांगावयाची आहे.

या उपायाचा आद्य प्रवर्तक विल्यम प्लेफेअर हा १७५९ सालीं स्कॉटलंडमध्यें जन्मला. पित्याचें छत्र लवकरच हरपल्यामुळें त्याच्या शिक्षणाचा भार थोरला भाऊ जॉन याच्यावर पडला. हा जॉन पुढें गणिती म्हणून नांवाजला. त्यानें विल्यमकडून रोजच्या उष्णमानाची नोंद ठेवविली, आणि जें जें संख्येनें सांगतां येतें तें तें रेषेनेंहि दाखवितां येतें, हा धडा त्यास दिला. पुढें विल्यमनें जेम्स वॉट याच्याकडे यंत्रांचे आराखडे काढण्याचें काम केलें, आणि १७८६ मध्यें ‘कमर्शियल अँड पोलिटिकल अॅटलस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत ४४ आलेख होते. पैकीं ४३ काळाच्या ओघानें सरकणाऱ्या रेषांचे होते.

डेन्मार्क व नॉर्वे यांच्याशीं चाललेल्या इंग्लंडच्या व्यापाराचा त्यांतील आलेख पाहण्याजोगा आहे. एक रेषा आयातीची, दुसरी निर्यातीची. अठराव्या शतकाच्या मध्यास त्या एकमेकींस छेदतात, आणि तेथून पुढें व्यापाराचें पारडें इंग्लंडकडे झुकतें. पानें भरतील एवढे आंकडे वाचूनहि जें कळण्यास वेळ लागला असता, तें त्या एका छेदबिंदूनें सांगितलें.

१८०१ च्या आवृत्तींत त्यानें आपल्या पद्धतीचें मर्म एका दृष्टांतानें समजाविलें. एखाद्या व्यापाऱ्यानें दिवसभरांत आलेल्या गिन्यांची रोज सायंकाळीं एक रास रचली, तर राशींच्या ओळीवरून काळहि कळेल व उंचीवरून प्राप्तीहि कळेल. ही गिन्यांची रास ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

मात्र प्लेफेअरचे आलेख तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले होते. असा पत्रा आणि खिळ्यांचा मजकूर एका दाबांत छापतां येत नसे. त्यामुळें चित्र एका पानावर व विवेचन दुसऱ्या पानावर, अशी ताटातूट झाली. वास्तविक १६१३ मध्यें रोम येथें छापलेल्या सूर्यावरील डागांच्या ग्रंथांत गॅलिलिओनें शनीच्या चिमुकल्या आकृत्या वाक्याच्या ओळींतच, शब्दांसारख्या, बसविल्या होत्या. परंतु ती वाट फारशी रुळली नाहीं.

संगणक आल्यावरहि ही ताटातूट लगेच संपली नाहीं. १७७९ नव्हे, १९७९ सालीं डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनीं ‘व्हिजिकॅल्क’ निर्माण केलें, आणि खतावणीचें कोष्टक पडद्यावर आलें. एक आंकडा बदलतांच त्यावर अवलंबून असलेले सारे आंकडे आपोआप बदलूं लागले. पुढें कोष्टकावरून आलेखहि निघूं लागले. पण ते निराळ्या चौकटींत. हिकमती लोकांनीं मग एक युक्ति काढली: घरांतील आंकड्याइतक्या उभ्या रेघा शेजारच्या घरांत सूत्रानें उमटवावयाच्या, म्हणजे त्यांचीच पट्टी होते.

एडवर्ड टफ्टी या अमेरिकन अभ्यासकानें २००६ च्या ‘ब्यूटिफुल एव्हिडन्स’ या ग्रंथांत शब्दाएवढ्या आलेखाचा पुरस्कार करून त्यास ‘स्पार्कलाइन’ हें नांव रूढ केलें. २०१० च्या एक्सेलमध्यें तो कोष्टकाच्या एकेका घरांत येऊन बसला. रेषा, स्तंभ व जय-पराजय हीं त्याचीं तीन रूपें. ज्या ओळींत आंकडे, त्याच ओळीच्या शेवटीं त्यांचा कल. पान उलटणें नको.

परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. आपण निराळें सांगितलें नाहीं, तर प्रत्येक घरांतील रेघ आपापल्या किमान व कमाल आंकड्यांमध्यें ताणली जाते. समजा, एका दुकानाची विक्री वर्षभरांत १०० वरून १०४ झाली आणि दुसऱ्याची १०० वरून ४०० झाली. वाढ दरमहा सारख्या गतीनें झाली असेल, तर दोन्ही रेघा हुबेहूब दिसतील! त्या पाहून मालकानें दोन्ही गुमास्त्यांस सारखेंच बक्षीस दिलें, तर अन्याय होईल. आणि आंकडे तर सारे खरे असतील.

स्तंभांची गोष्ट याहूनहि बिकट. गिन्यांची रास मेजापासून मोजावयाची असते. येथें तर राशीचा तळच कापून केवळ माथा दाखविला जातो, आणि ९६ व १०० यांत आकाशपाताळाचें अंतर भासतें. यास उपाय आहे. रकमांची तुलना करावयाची असेल तेव्हां सर्व घरांस एकच मोजपट्टी लावावी, व स्तंभांचा तळ शून्यावर ठेवावा. प्रत्येकाचा केवळ चढउतार पाहावयाचा असेल, तर मोजपट्टी निराळी असली तरी चालेल. मात्र पहिला व शेवटचा आंकडा शेजारीं लिहावा.

प्लेफेअरजवळ स्कॉटलंडच्या व्यापाराची एकाच वर्षाची माहिती होती. तेव्हां त्यानें रेषा ओढली नाहीं. निरनिराळ्या देशांचे स्तंभ काढले, आणि यांत काळाचा ओघ दिसत नाहीं हें उणेपण मोकळेपणानें कबूल केलें. तोच त्याच्या ग्रंथांतील चव्वेचाळिसावा आलेख. आज रेघ ओढण्यास क्षणहि लागत नाहीं. म्हणूनच ती काय दाखविते आणि काय दाखवीत नाहीं, हें सांगण्याची जबाबदारी ओढणाऱ्यावर अधिक आहे.