बाजरीतली मटकी

आपल्या पिंपरी पेंढारच्या शिवारात बाजरीच्या जोडीला मटकी, हुलगा पेरायची जुनी रीत. पाभरीच्या चाड्यावर मूठ असायची आपल्या आज्यांची. कडधान्यानंतर रान चांगलं पिकतं, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. त्याचं कारण १८८८ साली जर्मनीत हेल्रीगेल आणि विल्फार्थ यांनी दाखवून दिलं. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात. पुढे कालव्याचं पाणी आलं, ऊस-कांदा वाढला, युरियाच्या गोण्या आल्या आणि मटकी मागे पडली. फुकटच्या नत्राला आपण रोकड मोजू लागलो. यंदा बाजरीत मटकीची चार तासं तरी पेरू. फुलोऱ्यात गाठ फोडून पाहू. आत गुलाबी दिसली, तर जिवाणू कामाला लागलेत. काढणीला मटकी कापू, मुळं रानातच ठेवू.