ऑक्टेन बूस्टर : गाडीला खरोखर फायदा होतो का?

यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरबहून दारव्हा किंवा यवतमाळला रोज मोटारसायकलने ये-जा करणाऱ्याला पेट्रोलचा खर्च चांगलाच जाणवतो. त्यामुळे ॲव्हरेज आणि पिकअप वाढवण्याचे आश्वासन देणारी ऑक्टेन बूस्टरची बाटली मोहात पाडते. मात्र बहुतेक गाड्यांना तिची गरज नसते.

ऑक्टेन म्हणजे काय?

इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण दाबले जाते व स्पार्क प्लगच्या ठिणगीने पेटते. काही वेळा ज्योत पोहोचण्याआधीच उरलेले मिश्रण उष्णता आणि दाबामुळे आपोआप पेटते. त्याने धातूवर ठोकल्यासारखा टकटक आवाज येतो. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. नॉकिंग टाळण्याची इंधनाची क्षमता म्हणजे ऑक्टेन अंक. तो इंधनातील ऊर्जा सांगत नाही. त्यामुळे नॉकिंग होत नसलेल्या साध्या इंजिनात ऑक्टेन वाढवून ताकद वाढत नाही.

पंपावर काय मिळते?

बीएस-6 मानकानुसार साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक किमान 91 असतो. 20 टक्के इथेनॉल असलेल्या ई-20 पेट्रोलसाठी तो किमान 95 ठरवला आहे, कारण इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन अंक 100 च्या वर आहे. 100-125 सीसीच्या नेहमीच्या मोटारसायकलींना एवढा ऑक्टेन पुरेसा असतो.

मग ॲव्हरेज का घटते?

एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालानुसार, ई-10 साठी जुळवलेल्या दुचाकीत ई-20 वापरल्यास इंधन कार्यक्षमता 3 ते 4 टक्के घटू शकते. ही घट ऊर्जेची आहे, ऑक्टेनची नाही. म्हणून बूस्टरने ती भरून निघत नाही.

बाटलीवरचे ‘पॉइंट’

‘30 पॉइंट वाढ’ वाचून 91 चे 121 होतील असे वाटते. पण या व्यवसायात 10 पॉइंट म्हणजे बहुधा एक ऑक्टेन अंक. म्हणजे वाढ फार तर 3 अंकांची. काही बूस्टरमध्ये मँगनीज किंवा लोहाची संयुगे असतात. त्यांचे अवशेष स्पार्क प्लगवर साचू शकतात. पूर्वी ऑक्टेन वाढवण्यासाठी पेट्रोलमध्ये शिसे मिसळत; आरोग्याला घातक असल्याने भारतात 2000 साली त्यावर बंदी आली.

उपयोग कोणाला?

जास्त कॉम्प्रेशन असलेल्या किंवा काही टर्बो इंजिनांना जास्त ऑक्टेन लागतो. गाडीच्या पुस्तिकेत तसे लिहिले असेल, तर पंपावरचे प्रीमियम पेट्रोल भरणे सोपे आणि खात्रीचे. ट्रॅक्टर किंवा डिझेल गाडीत ऑक्टेन बूस्टर कधीही टाकू नये. डिझेलला सहज पेटण्याचा गुण लागतो, तो सीटेन अंकाने मोजतात.

आवाज येत असेल तर?

साध्या गाडीत टकटक सुरू झाल्यास इंजिनात साचलेला कार्बन, चुकीचे टायमिंग, जास्त तापणे किंवा भेसळीचे पेट्रोल ही कारणे असू शकतात. बाटलीने आवाज काही काळ दबला, तरी बिघाड तसाच राहतो. तो मेकॅनिककडून तपासून घ्यावा. ॲव्हरेजसाठी टायरमधील हवा, एअर फिल्टर आणि चेन यांची वेळेवर देखभाल जास्त उपयोगी पडते.