भाषेचा दाखला आणि नागरिकत्व

आज आपण एका साध्या दिसणाऱ्या अटीचा इतिहास पाहणार आहोत. परक्या देशात बरीच वर्षं राहिलेला माणूस नागरिकत्वासाठी अर्ज करतो, तेव्हा अनेक देश त्याला विचारतात, 'आमची भाषा येते का?' तो म्हणतो, 'येते.' मग लगेच दुसरा प्रश्न येतो, 'कशावरून?' आपला आजचा विषय म्हणजे हा दुसरा प्रश्न.

पहिल्या प्रश्नाशी आपलं फारसं भांडण नाही. एकत्र राहायचं, मत द्यायचं, कोर्टात उभं राहायचं, डॉक्टरला दुखणं सांगायचं, तर काहीतरी सामाईक भाषा लागणारच. पण भाषा येणं आणि ती येते हे सिद्ध करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने 'अमुक आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक करता येणं' असा भेद केला. भाषा दुसऱ्या प्रकारात मोडते, पोहण्यासारखी. पोहता येतं की नाही, हे पाण्यात उतरल्यावरच कळतं. पण कोणत्या पाण्यात उतरवायचं, हे परीक्षक ठरवतो. सगळा इतिहास तिथेच घडलेला आहे.

म्हणून आपण तीन प्रश्न हाताशी ठेवू. परीक्षेची भाषा कोण निवडतं? ती आधी कळते का, म्हणजे तयारी करता येते का? आणि नापास झालेल्याला पुन्हा बसता येतं का?

सुरुवात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीपासून करू. इथे नागरिकत्वाचा नव्हे, तर त्याच्याही आधीचा, प्रवेशाचा प्रश्न होता. पण भाषेच्या परीक्षेची पुढची घडण समजायला तो पाहावाच लागतो. जानेवारी 1897 मध्ये गांधीजी दरबानला उतरले, तेव्हा गोऱ्या जमावाने त्यांना मारहाण केली. हिंदी व्यापारी येऊ नयेत अशी तिथल्या गोऱ्यांची मागणी होती. पण कायद्यात 'हिंदी लोकांना बंदी' असं सरळ लिहिणं लंडनला अडचणीचं होतं, कारण राणीच्या सगळ्या प्रजाजनांना समान वागणूक मिळेल, असं 1858 च्या जाहीरनाम्यात सांगून झालं होतं. नाताळने वाट काढली. त्याच वर्षी झालेल्या कायद्यात वंशाचं नावच नाही. येणाऱ्याने एक अर्ज कोणत्याही युरोपीय भाषेच्या लिपीत स्वतः लिहून द्यावा, एवढंच म्हटलं. गुजरातीत चोख हिशेब ठेवणारा व्यापारी या कायद्याच्या नजरेत निरक्षर ठरला. गंमत बघा, उसाच्या मळ्यांवर करारबद्ध होऊन येणाऱ्या मजुरांना मात्र ही अट नव्हती. मळ्यात राबणाऱ्याच्या अक्षरओळखीची कुणाला फिकीर नव्हती.

वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांनी त्याच वर्षी लंडनच्या परिषदेत इतर वसाहतींपुढे हाच नमुना ठेवला. ऑस्ट्रेलियाने तो उचलला आणि त्याला धार लावली. तिथला 1901 चा कायदा सांगत होता की, अधिकारी निवडेल त्या युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा तो वाचून दाखवील आणि येणाऱ्याने तो शुद्ध उतरवून घ्यावा. 'अधिकारी निवडेल त्या' हे तीन शब्द नीट ऐका. चिनी माणसाला इंग्रजी येत असेल तर फ्रेंच, फ्रेंच येत असेल तर आणखी काही. सुरुवातीच्या वर्षांत, 1909 पर्यंत, 1359 जणांना ही परीक्षा द्यावी लागली. त्यांतले 52 उत्तीर्ण झाले. त्यानंतर एकही नाही. परीक्षा रद्द झाली 1958 च्या कायद्याने. आपले तिन्ही प्रश्न इथे लावून पाहा. भाषा अधिकाऱ्याची, तयारी अशक्य, आणि निकाल आधीच ठरलेला. हिला परीक्षा म्हणायचं ते केवळ नावापुरतं.

या परीक्षेची पुरती शोभा झाली 1934 मध्ये. प्राग शहरात जन्मलेले, जर्मनमध्ये लिहिणारे पत्रकार एगॉन एर्विन किश हे युद्ध आणि फॅसिझम यांच्या विरोधातल्या परिषदेसाठी निघाले होते. सरकारला ते नको होते. मेलबर्नला उतरू देईनात, तेव्हा त्यांनी बोटीवरून धक्क्यावर उडी मारली आणि पाय मोडून घेतला. सिडनीत कोर्टाने त्यांची सुटका केली, तर पोलिसांनी लगेच पुन्हा धरून भाषेची परीक्षा समोर ठेवली. किश बहुभाषिक होते. मग त्यांना नापास करायचं तरी कोणत्या भाषेत? निवडली स्कॉटिश गेलिक. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि बहुमताचा निर्णय आला की, कायद्याला अभिप्रेत असलेली युरोपीय भाषा म्हणजे एखाद्या समाजाच्या सर्व व्यवहारांची रूढ भाषा. स्कॉटिश गेलिक तशी नाही. किश सुटले. पण एका माणसाला अडवण्याच्या खटपटीत एका जुन्या, जिवंत भाषेलाच 'तू त्यातली नव्हेस' असं ऐकावं लागलं.

आता प्रवेशाकडून नागरिकत्वाकडे वळू. अमेरिकेने 1906 च्या कायद्यात नागरिक होणाऱ्याला इंग्रजी बोलता आलं पाहिजे अशी अट घातली. 1950 मध्ये त्यात साधं वाचणं आणि लिहिणं आलं. इथे भाषा कोणती हे आधीच माहीत आहे. तयारी करता येते, पुन्हा बसता येतं. पन्नाशी ओलांडलेल्या आणि वीस वर्षं कायम वास्तव्य केलेल्यांना तर इंग्रजीची सूट आहे. म्हणजे परीक्षेचं स्वरूप खरोखर पालटलं. पण म्हणून न्याय झाला असं नाही. भगतसिंग थिंद कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकले होते, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होते. त्यांच्या इंग्रजीबद्दल कुणाला शंका नव्हती. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की, ते कायद्याच्या अर्थाने 'गोरे' नाहीत, म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत. आपल्या लोकांना ते दार उघडलं 1946 मध्ये. भाषेची अट पूर्ण करूनही माणूस बाहेर राहू शकतो, हे विसरू नये.

ब्रिटनमध्ये 1914 च्या कायद्यापासून इंग्रजीच्या 'पुरेशा ज्ञाना'ची अट आहे. 1981 च्या कायद्याने तिथे तीन भाषा मान्य केल्या : इंग्रजी, वेल्श आणि स्कॉटिश गेलिक! किश यांच्या खटल्यात जिला भाषा म्हणून उभं राहता आलं नाही, तीच आता नागरिकत्वाला चालते. भाषा बदलली नव्हती, बघणाऱ्यांची नजर बदलली.

आज तिथे युरोपीय मोजपट्टीवरची बी-1 पातळी, बोलणं आणि ऐकणं यांची, दाखवावी लागते. शिवाय त्या देशाच्या जीवनाविषयी चोवीस प्रश्नांची वेगळी परीक्षा. पासष्टीच्या पुढे या दोन्हींतून सूट. इंग्रजीभाषक देशांची जी यादी आहे, तिच्यातल्या नागरिकांना भाषेचा दाखला लागत नाही. भारत त्या यादीत नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईत आयुष्यभर इंग्रजीतून शिकलेल्या-शिकवलेल्या माणसालाही चाचणी द्यावी लागते, नाहीतर पदवी इंग्रजीतून घेतली याचा वेगळा दाखला आणावा लागतो. चाचणीच्या दाखल्याला सहसा दोन वर्षांची मुदत. भाषा मुरत जाते आणि कागद शिळा होतो, असा हा प्रकार! यात अपमान वाटतो अनेकांना, आणि ते समजण्यासारखं आहे. पण नाताळच्या अर्जापाशी हे ठेवून पाहिलं, तर फरकही दिसतो. इथे दार आहे, त्याची किल्ली मिळते. फक्त खर्च आणि खटाटोप पडतो. ज्याला फी परवडत नाही, शिकायला वेळ मिळत नाही, त्याच्यासाठी मात्र तेच दार पुन्हा भिंत होतं.

याची दुसरी बाजू आपल्या कोकणातून दिसते. इस्राएलमध्ये रीतसर अर्ज करून नागरिक होणाऱ्याला 1952 च्या कायद्याने थोडंफार हिब्रू यावं लागतं. पण कोकणातले बेने इस्राएल 'परतीच्या कायद्या'खाली गेले, घरात मराठी बोलत गेले, आणि त्यांना भाषेची परीक्षा नव्हती. ज्यांना राज्य आधीच आपलं मानतं, त्यांना ते भाषा विचारत नाही. जन्माने नागरिक असलेल्याला तर कुणीच विचारत नाही. तो आपल्या भाषेत चार ओळी शुद्ध लिहू शकला नाही तरी चालतं.

आणि आपण स्वतः? भारताच्या 1955 च्या नागरिकत्व कायद्याची तिसरी अनुसूची फार थोडे लोक वाचतात. अर्ज करणाऱ्या परदेशी माणसाला संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या एका भाषेचं पुरेसं ज्ञान हवं, असं ती म्हणते. कोणत्याही एका! 1950 मध्ये त्या यादीत चौदा भाषा होत्या, आज बावीस आहेत. मराठी पहिल्यापासून आहे, कोकणी 1992 मध्ये आली. इंग्रजी त्यात नाही. म्हणजे नुसत्या इंग्रजीच्या बळावर ही अट पुरी होत नाही, पण मराठीच्या बळावर होते. निवड अर्जदाराची आहे, अधिकाऱ्याची नाही. ऑस्ट्रेलियाच्या नेमकं उलट. शिवाय विज्ञान, तत्त्वज्ञान, कला, साहित्य यांत विशेष कामगिरी असेल तर सरकार अटी शिथिल करू शकतं. तत्त्वज्ञानाचा एवढा मान दुसऱ्या कुठल्या कायद्यात सापडला, तर आम्हाला जरूर कळवा!

मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या, फलटणच्या मराठी बोलीवर त्यांनी पीएच.डी. केली, तिथेच शाळा उभारली आणि भारतीय नागरिक झाल्या. त्यांच्या मराठीचा खरा दाखला फलटणच्या मुलांकडे आहे. भाषा अशी येते, ती बोलू देणारी माणसं भेटली म्हणजे.

आज आपल्याकडेही रिक्षात, बँकेत, सोसायटीच्या सभेत 'मराठी येते का?' असं विचारलं जातं. विचारायला हरकत नाही. इथे राहणाऱ्याने मराठी शिकावी ही अपेक्षा योग्यच आहे. पण विचारताना ते तीन प्रश्न आपणही स्वतःला लावावेत. समोरच्याला शिकायला वाव दिला का? तो चुकत बोलला तर आपण थांबून ऐकलं, की हिंदीवर गेलो, की हसलो? आणि आज नाही जमलं, तर उद्या पुन्हा बोलायची सोय ठेवली का? ठेवली असेल, तर आपण भाषा विचारत होतो. नसेल, तर आपण नाताळच्या बंदरावर उभे होतो.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.