एकच तार, साऱ्या मास्तरांची

मनमाड-दौंड लाइन एकेरी होती, तेव्हा सोलापूरच्या कंट्रोलमध्ये बसून मी तिच्यावरची क्रॉसिंगं, म्हणजे समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांनी कुठल्या स्टेशनात एकमेकींना वाट द्यायची ते, ठरवत असे. समोर चार्ट: आडवी वेळ, उभी स्टेशनं आणि प्रत्येक गाडीची तिरपी रेघ. कानाला लागलेली तार मात्र साऱ्या स्टेशनांची मिळून एकच. येवल्याशी बोललेलं पुणतांब्याच्या स्टेशनमास्तरांनी फोन उचलला असेल, तर त्यांनाही ऐकू जाई.

गाड्या विरळ असल्या की या तारेवर बरंच काही येई. मालगाडी वेग धरत नाहीये, फाटकावर उसाच्या गाड्या अडकल्यात. (कांद्याचा भावसुद्धा.) फालतू वाटणाऱ्या या बातम्यांवरच माझे अंदाज बांधलेले असत. गाड्या वाढल्या की मी कारणं सांगणं सोडून देई. “मास्तर, लूपला घ्या.” बस्स. मग तेही विचारलं तेवढंच बोलत. माहितीची सर्वांत जास्त गरज असे, नेमकी तेव्हाच ती आटे.

जुन्या नियमकर्त्यांनी हे ओळखलं असावं, असं मला वाटतं. कुठली गाडी थांबवायची हे कंट्रोलर ठरवी, पण लाइन क्लिअर, म्हणजे पुढच्या स्टेशनाने गाडी येऊ द्यायला दिलेली संमती, त्याच्या हातात नव्हती. ते शेजारच्या दोन मास्तरांमधलं काम. एकेरी मार्गावर नील्सच्या यंत्रातून टोकनचा गोळा निघाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे नेत नसे. यंत्र बिघडलंच, तर तोंडी निरोपाबरोबर प्रायव्हेट नंबर द्यायचा, तक्त्यातला, आणि दिला की खोडायचा. नुसतं “हो, समजलं” चालत नसे. माझी तार कितीही तुंबली, तरी हे बोलणं तिच्यात अडकत नसे.

कामाच्या तासांसाठी मात्र भांडावं लागलं. कामाच्या तासांवरच्या १९१९ च्या वॉशिंग्टन करारानंतर थेट १९३० साली ते तास रेल्वे कायद्यात आले. १९४७ मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्षांनी लवाद म्हणून निवाडा दिला: ‘कंटिन्युअस’ कामाला आठवड्याला ५४ तास, आणि सतत एकाग्रता मागणाऱ्या, उसंत न देणाऱ्या ‘इंटेन्सिव्ह’ कामाला ४५. आमची सहा तासांची पाळी या दुसऱ्या वर्गातली. तरी शेवटच्या तासात आवाज चढायचाच, आणि नेमका तेव्हाच पुढच्या पाळीच्या माणसाला चार्ज द्यायचा असे. दमलेला माणूस तिथेही शब्द वाचवतो. म्हणून डोकं ताजं असतानाच मी पुढची क्रॉसिंगं पेन्सिलीने आखून ठेवी. सगळेच ठेवत असं नाही.