पिटमध्ये वळण्याआधीचे अडीच तास

हिंगोलीच्या पोरांना स्पोर्ट्स कार पहिल्यांदा ट्रॅकवर काढायची, तर चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूर असं दूर कुठेतरी गाठावं लागतं. निघण्याआधी टायर, हेल्मेट, इंजिन ऑइल यांवर तासन्‌तास बोलणं होतं. ट्रॅकवरून पिटमध्ये, म्हणजे गाडी थांबवायच्या कडेच्या जागेत, कसं शिरायचं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. त्यांच्यासाठीच हा एका जुन्या अपघाताचा घटनाक्रम.

११ जून १९५५, दुपारी ४:००
फ्रान्समधल्या ल माँ इथली २४ तासांची शर्यत सुटते. मुख्य सरळ पट्टा अरुंद. उजवीकडे पिट, पण तिथे ना भिंत, ना थांबणाऱ्या गाड्यांसाठी वेगळी लेन. डावीकडे मातीचा बांध आणि त्यामागे खच्चून भरलेले प्रेक्षक.

सायंकाळी ५:००
माइक हॉथॉर्नची जॅग्वार आणि हुआन फांजिओची मर्सिडीज इरेला पेटल्या आहेत. जॅग्वारला डिस्क ब्रेक. मर्सिडीजला ड्रम ब्रेक आणि जोडीला पाठीवर उघडणारा हवेचा ब्रेक. म्हणजे एकाच रस्त्यावर, एकाच वेगात, पण थांबायची ताकद वेगवेगळी. हौशी चालकांच्या ट्रॅक डेलाही हेच असतं. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर धोका आणखी वाढतो. ते हवेतली ओल शोषतं. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश, ओल धरल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो. उकळलं की पेडल थेट तळाला जातं. ट्रॅकवर जाण्याआधी ऑइल बदलाच.

६:२६
पस्तिसावी फेरी संपत आली आहे. हॉथॉर्न लान्स मॅकलिनच्या ऑस्टिन-हीलीला मागे टाकतो आणि पिटसाठी उजवीकडे येऊन ब्रेक दाबतो. धडक टाळायला मॅकलिन डावीकडे झुकतो. तिथून पिएर लव्हेगची मर्सिडीज ताशी सुमारे २४० किलोमीटरने येत असते. लव्हेगने हात वर करून आपल्याला सावध केलं, असं मागून येणाऱ्या फांजिओने नंतर सांगितलं. लव्हेगची गाडी हीलीच्या उतरत्या पाठीवर चढते, हवेत उडते आणि बांधावर आदळते. इंजिन आणि पुढचा आस गर्दीत घुसतात. मॅग्नेशियम मिश्रधातूची बॉडी पेटते. पाणी मारल्यावर ती आणखी भडकते. लव्हेगसह ८० हून अधिक माणसं गेली.

मध्यरात्रीनंतर, १:४५च्या सुमारास
आघाडीवर असूनही मर्सिडीज आपल्या गाड्या मागे घेते. शर्यत चालूच राहते. प्रेक्षक एकदम बाहेर पडले तर रुग्णवाहिका अडकतील, असं आयोजकांचं म्हणणं.

१२ जून, दुपारी ४:००
हॉथॉर्न जिंकतो. पुढे सरकारी चौकशीत एकाही चालकावर ठपका आला नाही, आणि ते मला पटतं. त्या पट्ट्यावर एका माणसाची चूक सावरायला जागाच ठेवलेली नव्हती. म्हणून ट्रॅक डेच्या ब्रीफिंगमध्ये आधी पिटचं तोंड दाखवून घ्या. आत यायचं असेल तर अलीकडच्या वळणापासूनच त्या कडेला राहा, खुणेचा हात दाखवा आणि वेग हळूहळू उतरवा.

ल माँचे पिट पाडून मागे हटवले, पट्टा रुंद केला. त्या कामामुळे १९५६ची शर्यत जूनऐवजी जुलैअखेर झाली.